विमानतळासाठी नवी गाडी नको, आहे त्याच डेमूचे दोन डबे बदला

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नांदेड विभाग
प्रत माहितीसाठी : मा. विमानतळ संचालक, चिकलठाणा

विषय : जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) व मेमू (विजेवर चालणाऱ्या) लोकल गाड्यांत फेरबदल करून त्यांचा विमानतळ जोडगाडी म्हणून वापर करण्याबाबत

महोदय,

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा लोहमार्ग चिकलठाणा विमानतळाच्या परिसरातूनच जातो आणि चिकलठाणा व मुकुंदवाडी ही दोन रेल्वे स्थानकेही त्याच परिसरात आहेत. तरीसुद्धा जालना, परतूर, सेलू किंवा परभणीहून मुंबई-दिल्लीचे विमान पकडायला निघालेला माणूस रेल्वेचा विचार सहसा करत नाही. तो गाडी भाड्याने ठरवतो, नाहीतर कुणा नातेवाइकाला सोडायला सांगतो. पश्चिमेकडून, म्हणजे लासूर-दौलताबादच्या बाजूने येणारा प्रवासी शहराच्या मुख्य स्थानकावर उतरतो आणि तिथून रिक्षाने क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको अशी जालना रोडवरची सगळी गर्दी पार करत पुन्हा पूर्वेकडे चिकलठाण्याला जातो. ज्या रुळांवरून तो आला, तेच रूळ पुढे विमानतळाच्या दिशेने गेलेले असतात.

या अडचणीवर विमानतळासाठी स्वतंत्र, नवी कोरी, वातानुकूलित एक्स्प्रेस हवी, अशी मागणी अधूनमधून होते. वाळूज ते शेंद्रा मेट्रोच्या आराखड्याचीही बरीच चर्चा झाली आहे. या दोन्हींना माझा विरोध नाही, परंतु त्यांची वाट पाहण्यात आणखी एक पिढी जाऊ नये असे मला मनापासून वाटते. माझी मागणी त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. आपल्या विभागात रोज धावणाऱ्या साध्या डेमू गाड्यांपैकी, आणि विद्युतीकरणानंतर येणाऱ्या मेमूंपैकी, दोन-तीन रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, निवडावेत. प्रत्येक रेकमधले फक्त दोन डबे सामानासह प्रवास करणाऱ्यांसाठी बदलून घ्यावेत आणि त्या गाड्यांच्या वेळा चिकलठाण्याच्या विमानांशी बांधाव्यात. बाकीचे डबे आज जसे आहेत तसेच, अपडाऊन करणाऱ्यांसाठी ठेवावेत.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जगात विमानतळ-रेल्वेचा इतिहास ज्या देशात सर्वांत लांब आहे त्यांपैकी एक असलेल्या इंग्लंडमध्ये ती पुन्हा पुन्हा वापरली गेली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून गॅटविक विमानतळाकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी १९७८ साली तिथल्या रेल्वेने नवी गाडी बांधली नाही. उपनगरी मार्गावर धावणाऱ्या चार डब्यांच्या गाड्यांपैकी बारा संच निवडले, त्यांतली काही आसने काढून तिथे सामानाची जागा केली आणि ते गॅटविकच्या सेवेत घातले. सहा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, गॅटविक एक्स्प्रेस ही स्वतंत्र सेवा सुरू झाली, तेव्हा ते बाराही संच पुन्हा पूर्ववत करून उपनगरी प्रवाशांना परत देण्यात आले. माझ्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तो बदल परत फिरवता येण्याजोगा होता. प्रयोग फसला असता तरी गाडी वाया गेली नसती.

आणि जी स्वतंत्र गॅटविक एक्स्प्रेस १९८४ साली आली, तीसुद्धा पूर्णपणे नवी नव्हती. प्रवाशांचे डबे लांब पल्ल्याच्या जुन्या डब्यांतून बदलून घेतलेले होते. गाडीच्या एका टोकाला इंजिन असे आणि दुसऱ्या टोकाला चालकाची केबिन असलेला एक सामानडबा असे. हा सामानडबा म्हणजे दोन डब्यांच्या जुन्या उपनगरी गाडीचा मोटर डबा होता. त्यातली आसने काढून आतली जागा सामानासाठी मोकळी केली होती, पण त्याच्या मोटरी आणि केबिन तशाच कामात ठेवल्या होत्या. एका जुन्या डब्याकडून सामान वाहणे, गाडी ओढायला हातभार लावणे आणि उलट्या दिशेने गाडी चालवण्याची सोय करणे अशी तीन कामे त्यांनी करून घेतली.

अलीकडचे उदाहरण हीथ्रोचे आहे. हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ साली सुरू झाली ती खास विमानतळासाठी बांधून घेतलेल्या गाड्यांनी, आणि ती लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून पंधरा मिनिटांत विमानतळ गाठत असे. मात्र त्या गाड्यांचा डेपो ज्या जागेवर होता, ती जागा नव्या द्रुतगती लोहमार्गाच्या कामासाठी द्यावी लागली. तेव्हा पॅडिंग्टनहून रेडिंग-डिडकॉटकडे नोकरदारांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यातले चार-चार डब्यांचे बारा संच उचलण्यात आले. त्यांत सामानाचे रॅक वाढवले, प्रथम श्रेणीची आसने बदलली, वायफाय बसवले, नवी सिग्नल यंत्रणा घातली, आणि डिसेंबर २०२० पासून हीथ्रो एक्स्प्रेस याच गाड्यांनी चालू लागली. खास बांधलेल्या जुन्या गाड्या बावीस-तेवीस वर्षांत भंगारात गेल्या.

याच्या उलट घडलेलेही सांगायला हवे. गॅटविकसाठी या शतकाच्या सुरुवातीला खास बांधून घेतलेल्या आठ-आठ डब्यांच्या गाड्या २०१२ साली त्या सेवेतून निघाल्या आणि त्यांचे डबे लंडनच्या नैर्ऋत्येकडच्या उपनगरी गाड्यांत मिसळले गेले. बँकॉकमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये विमानतळ रेल्वे सुरू झाली. तिच्यात जास्त भाड्याची, मधे न थांबणारी एक्स्प्रेस आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी साधी गाडी अशा दोन सेवा होत्या. साध्या गाडीला गर्दी मावेना आणि २०१४ साली एक्स्प्रेस बंद करावी लागली. विमानतळाची गाडी आणि नोकरदारांची गाडी यांत लोखंडाचा फरक फार थोडा असतो. आतली मांडणी, वेळापत्रक आणि भाडे या तीन गोष्टी गाडीचा स्वभाव ठरवतात, आणि त्या तिन्ही आपल्या हातात आहेत.

आपल्या देशातला अनुभवही तेच सांगतो. दिल्लीची विमानतळ मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. २२.७ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग, आयात केलेल्या गाड्या, शहरातल्या स्थानकातच सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्याची सोय, असे सगळे उत्तम होते. पण भाडे इतके होते की डबे रिकामे धावत. जुलै २०१२ मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे मार्ग बंद पडला, तो जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि त्याच वर्षी जुलैपासून दिल्ली मेट्रोने तो खासगी कंपनीकडून स्वतःकडे घेतला. त्यानंतर भाडी कमी झाली तसे प्रवासी वाढले. गाडी तीच होती, रूळही तेच होते.

दुसरे उदाहरण बेंगळुरूचे, आणि ते आपल्याला सर्वांत जवळचे आहे, कारण तिथे साधी डेमूच विमानतळाकडे नेण्यात आली. देवनहळ्ळीच्या बाजूला विमानतळाजवळ एक हॉल्ट बांधले गेले, ४ जानेवारी २०२१ पासून तिथे गाड्या थांबू लागल्या, आणि हॉल्टपासून टर्मिनलपर्यंत विमानतळाच्या बसची सोय झाली. टॅक्सीच्या भाड्याशी तुलना केली तर रेल्वेचे तिकीट जवळजवळ फुकटच म्हणावे लागेल. तरीही प्रवासी फारसे वळले नाहीत. गाड्या मोजक्या होत्या, त्यांच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळत नव्हत्या, आणि डबे होते तसेच ठेवले होते. दिल्लीत गाडी चांगली होती पण भाडे जड झाले, आणि बेंगळुरूत भाडे हलके होते पण गाडी प्रवाशाच्या कामाची झाली नाही. मराठवाड्याने या दोन्ही चुका टाळून सुरुवात करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता डबे बदलायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे थोडे तपशिलाने लिहितो, कारण या कामाचे यश तपशिलावरच अवलंबून आहे.

सामान्य डेमूच्या डब्यात आज विमानाचा प्रवासी चढला तर काय होते, हे कोणत्याही दिवशी जालन्याच्या फलाटावर उभे राहून पाहता येईल. त्याच्याजवळ चाकांची एक मोठी बॅग असते. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान आणि हातात सात किलोची पिशवी नेता येते, म्हणजे बावीस किलो तर सहजच झाले. आखाती देशांत कामाला निघालेल्याजवळ याहूनही जास्त असते. आपल्याकडचा उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचा असतो, आणि डब्याची जमीन त्याहून बरीच वर असते. प्रवाशाला एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ती बॅग पायऱ्यांवरून वर ओढावी लागते, आणि मागचे लोक तोपर्यंत खोळंबतात. आत गेल्यावर डोक्यावरच्या फळीवर ती बॅग मावत नाही, कारण ती फळी पिशव्या, गाठोडी आणि डबे ठेवण्यासाठी केलेली आहे. बाकाखालीही ती जात नाही. मग ती मधल्या वाटेत उभी राहते, आणि गाडीने ब्रेक लावला की चाकांवर घरंगळत समोरच्याच्या पायावर जाते. अपडाऊन करणारी मंडळी वैतागतात, बॅगवाला ओशाळतो, आणि पुढच्या वेळी तो गाडी भाड्याने ठरवतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक दाराजवळची आसनांची एक-एक ओळ काढावी. तिथे जमिनीलगत, पुढच्या बाजूला आडवी दांडी असलेला आणि वर आणखी एक कप्पा असलेला भक्कम रॅक बसवावा. मोठी बॅग उचलावी लागू नये, नुसती ढकलून आत सरकवता यावी, इतका खालचा कप्पा खाली हवा. रॅक बसलेल्या आसनांवरून दिसला पाहिजे, नाहीतर चोरीच्या भीतीने कुणी बॅग तिथे ठेवणार नाही आणि ती पुन्हा मधल्या वाटेतच येईल. त्यावर एक कॅमेरा असावा. दाराच्या पायरीवर न घसरणारा पत्रा, दोन्ही बाजूंना पकडायला लांब दांडे, आणि चाकाची खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा असावी. पुढचे स्थानक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगणारी ध्वनिक्षेपणाची सोय असावी. मऊ गालिचा, चकचकीत दिवे, नवा रंग या गोष्टी त्यानंतरच्या आहेत. त्या नसल्या तरी या दोन डब्यांचे काही अडणार नाही.

हे दोन डबे गाडीच्या कोणत्या जागी असावेत, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. चिकलठाणा स्थानकाच्या बाहेर पडण्याच्या वाटेसमोर ते उभे राहिले पाहिजेत, म्हणजे बॅग ओढत सबंध फलाट चालावा लागणार नाही. फलाटाची उंची कमी असेल तर पूर्ण फलाट उंच करण्याऐवजी एवढ्या दोन डब्यांपुरता भाग उंच करणेही पुरेसे होईल. सगळी गाडी बदलली तर सगळा फलाट बदलावा लागतो, सगळी आसने कमी होतात, आणि सकाळी जालन्याहून कामावर येणाऱ्यांना उभे राहावे लागते. दोनच डबे बदलले तर हे तिन्ही खर्च वाचतात.

डेमू आणि मेमू या कामाला आणखी एका कारणाने योग्य आहेत. त्यांच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. गाडी शेवटच्या स्थानकावर पोचली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याचा खटाटोप करावा लागत नाही. चालक या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि गाडी परत निघते. छत्रपती संभाजीनगरसारख्या मोजक्या फलाटांच्या स्थानकावर ही सोय फार मोलाची आहे. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर डिझेलची गाडी कायमची चालवणे शहाणपणाचे नाही हे मला मान्य आहे. म्हणून प्रयोग हाताशी असलेल्या डेमूवर करावा, आणि सेवा रुळली की तेच रॅक, तीच मांडणी मेमूच्या डब्यांत न्यावी. सुरुवातीपासून हे रॅक सुटे करून दुसऱ्या डब्यात बसवता येतील असे बनवले, तर पहिला खर्चही वाया जाणार नाही.

असे बदल रेल्वेला जमतील का, अशी शंका कुणाला असेल तर २०२० साल आठवावे. कोरोनाच्या पहिल्या काही महिन्यांत रेल्वेच्या कारखान्यांनी पाच हजारांहून अधिक डबे विलगीकरण कक्षात बदलले, मधले बर्थ काढले, एका शौचालयाचे न्हाणीघर केले. प्रवासी सेवेतून निघालेल्या जुन्या डब्यांतली आसने काढून, टोकाला दारे करून त्यांतून मोटारगाड्या वाहून नेण्याचे काम तर रेल्वे कित्येक वर्षे करत आहे. त्या मानाने दाराजवळची एक ओळ काढून रॅक बसवणे हे फारच किरकोळ काम आहे. आसन काढले की डब्याचा भार कसा बदलतो, रॅक धक्क्याने सुटणार नाही ना, वापरलेले साहित्य पेट घेणारे नाही ना, हे सगळे लखनौच्या संशोधन व मानक संस्थेकडून तपासून घ्यावे लागेल आणि ते घ्यायलाच हवे. पण नियमित दुरुस्तीसाठी रेक कारखान्यात जातो तेव्हाच हे काम उरकले, तर रेक वेगळा अडवून ठेवावा लागणार नाही.

याच ठिकाणी लातूरचा उल्लेख करावासा वाटतो. मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आता तिथे वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे काम आहे. मोठ्या गाड्या तिथे जरूर घडोत, पण मराठवाड्यातल्या प्रवाशांच्या डब्यांत मराठवाड्यात बनलेले रॅक बसावेत ही अपेक्षा गैर नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग घडवणारे कितीतरी लघुउद्योजक आहेत. पत्रा वाकवणे, नळी जोडणे, रंगाचा पक्का थर चढवणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

आता वेळापत्रकाविषयी. माझ्या मते सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि गाडीच्या आतल्या बदलांपेक्षा आपल्या कार्यालयाचा कस इथेच लागणार आहे. विमान कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या साठ मिनिटे आधी सामान घेण्याची खिडकी बंद करतात. पॅसेंजर अर्धा तास उशिरा पोचली तर कचेरीत जाणाऱ्याचे थोडे नुकसान होते, पण विमानाच्या प्रवाशाचे पूर्ण तिकीटच बुडते. एकेरी मार्गावर क्रॉसिंग लागले, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यावी लागली, की गाडी करमाड किंवा बदनापूरला किती वेळ उभी राहील याचा भरवसा नसतो, हे या मार्गावर रोज फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकदा-दोनदा विमान चुकले की ती बातमी घरोघरी पोचते आणि सेवा कायमची बदनाम होते. म्हणून या गाडीला क्रॉसिंगच्या वेळी मागे न ठेवण्याचा स्पष्ट आदेश नियंत्रण कक्षाला असला पाहिजे आणि जालन्याहून निघण्याची वेळ पुरेशी आधीची असली पाहिजे. वेगाची मला घाई नाही. जालना ते संभाजीनगर हे सुमारे साठ किलोमीटर अंतर आहे आणि बदनापूर, करमाडसारखे मोजके थांबे घेत साधी डेमूही ते सहज कापते. प्रवाशाला हमी हवी आहे.

दुहेरीकरणामुळे हे चित्र पालटणार आहे, आणि म्हणूनच हे पत्र आत्ता लिहीत आहे. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. नव्या रुळांबरोबर स्थानकांचे आराखडे, पादचारी पूल, फलाटांची उंची, बाहेर पडण्याच्या वाटा हे सगळे नव्याने ठरेल. चिकलठाणा स्थानकाचा आराखडा काढताना विमानतळाचा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवला नाही, तर पुढची तीस-चाळीस वर्षे तो भाग पुन्हा उकलता येणार नाही. काँक्रीट ओतून झाल्यावर जिन्याच्या जागी उतार मागण्यात काही अर्थ नसतो.

आपल्या विमानतळावरून दिवसाला सुटणारी विमाने मोजकीच आहेत. काहींना ही या प्रस्तावाची दुबळी बाजू वाटेल. मला मात्र हीच त्याची सोय वाटते. हीथ्रोसारखी दर पंधरा मिनिटांनी गाडी इथे कुणी मागत नाही. सकाळच्या आणि सायंकाळच्या विमानांच्या जरा आधी चिकलठाण्याला पोचणारी आणि विमाने उतरल्यावर प्रवाशांना सामान हाती पडेल एवढा वेळ देऊन निघणारी, अशा थोड्या फेऱ्या पुरेशा आहेत. मधल्या वेळेत तोच रेक जालना, संभाजीनगर, नगरसोल अशी नेहमीची पॅसेंजरची कामे करील. विमानांची वेळापत्रके हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बदलतात, तेव्हा विमानतळ कार्यालयाने नव्या वेळा रेल्वेला वेळेवर कळवायच्या आणि रेल्वेने त्यानुसार या दोन-चार फेऱ्यांच्या वेळा सरकवायच्या, एवढी शिस्त दोन्ही कार्यालयांनी पाळली पाहिजे.

स्थानकापासून टर्मिनलपर्यंतचे अंतर हा या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. तिथे बॅग ओढत चालत जाणे शक्य नाही, आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करावी लागली तर रेल्वेने आल्याचा सगळा फायदा बुडतो. शहरात स्मार्ट सिटी बस धावते. तिची एक लहान बस गाडीच्या वेळेला स्थानकाच्या दारात उभी राहावी, गाडी उशिरा आली तर तिने थांबावे, आणि तिचे भाडे रेल्वेच्या तिकिटातच धरावे. बसचालकाला गाडीचा ठावठिकाणा कळवणारा एक दूरध्वनी स्टेशनमास्तरांकडून गेला तरी काम भागेल.

भाड्याबाबत माझे म्हणणे थोडक्यात असे की बदललेल्या दोन डब्यांतही साध्या गाडीचेच भाडे असावे, आणि बससाठी लागेल तेवढीच रक्कम वर असावी. जालना, परभणी, बीड, हिंगोलीकडचा आजचा विमानप्रवासी म्हणजे केवळ उद्योगपती नव्हे. पुण्या-बेंगळुरूत नोकरी लागलेली पहिल्या पिढीतली मुले, परदेशी शिकायला निघालेला विद्यार्थी आणि त्याला निरोप द्यायला आलेले त्याचे आई-वडील, मुंबईला उपचारांसाठी जाणारा रुग्ण, आखातात मजुरीला जाणारा कारागीर हे सगळे आता विमानाने जातात. सोडायला आलेल्यांनाही त्याच गाडीने परत जाता आले पाहिजे, म्हणजे विमान सुटल्यानंतर परतीची एक फेरी हवी. आपल्याकडे माणूस एकटा विमानतळावर जात नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय प्रवाशांचा अंदाज बरोबर निघणार नाही.

अपडाऊन करणाऱ्यांच्या वतीने एक गोष्ट ठामपणे मांडतो. विमानतळाच्या नावाखाली त्यांची एकही फेरी रद्द होऊ नये, एकही थांबा गाळला जाऊ नये, आणि मासिक पास असलेल्याला या गाडीत चढायला मनाई होऊ नये. जालना-संभाजीनगर दरम्यान रोज ये-जा करणारे विद्यार्थी, शिक्षक, बँकांतले कर्मचारी, शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार हेच या मार्गाचे खरे प्रवासी आहेत. विमानतळाकडे जाणारे त्यांच्यात नव्याने मिसळतील, त्यांना बाजूला सारणार नाहीत, अशी खात्री त्यांना पहिल्या दिवसापासून वाटली पाहिजे. तशी ती वाटली नाही तर ही योजना ज्यांच्या गाडीवर उभी राहणार आहे, तेच तिच्या विरोधात जातील, आणि त्यांचा विरोध रास्त असेल.

या भागाने रेल्वेसाठी फार वाट पाहिली आहे. निजामाच्या काळात घातलेला मीटरगेजचा मार्ग रुंद व्हावा म्हणून गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने लढा दिला, आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आली. त्यानंतर विद्युतीकरण झाले, ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत धावू लागली आणि पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. प्रत्येक वेळी मोठी मागणी करावी लागली आणि मोठा निधी लागला. या वेळी मात्र मागणीच इतकी छोटी आहे की ती विभागीय पातळीवरच्या इच्छाशक्तीने आणि कारखान्यातल्या काही दिवसांच्या कामाने पुरी होऊ शकते.

म्हणून माझी विनंती अशी की पुढचे वेळापत्रक पक्के होण्यापूर्वी रेल्वेचे परिचालन, यांत्रिकी आणि वाणिज्य विभाग, विमानतळ प्रशासन, महानगरपालिकेची बससेवा आणि प्रवासी संघटना यांची एक संयुक्त बैठक चिकलठाणा स्थानकावरच घ्यावी. बैठकीपूर्वी सर्वांनी मिळून स्थानकापासून टर्मिनलपर्यंतची वाट पाहावी, फलाटाची उंची मोजावी, आणि एखाद्या डेमूच्या दाराजवळची कोणती आसने काढता येतील हे डब्यात उभे राहूनच ठरवावे. सहा महिन्यांसाठी एका रेकवर प्रयोग करावा आणि त्या काळात दर महिन्याला दोन आकडे जाहीर करावेत : गाडी ठरलेल्या वेळेला किती दिवस पोचली, आणि बदललेल्या डब्यांतून किती प्रवासी चिकलठाण्याला उतरले. त्या बैठकीला यायला आम्ही जालन्याचे प्रवासी तयार आहोत. तारीख आपण कळवावी.

कळावे,

आपला नम्र,
जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील एक प्रवासी